मारलं नाही

आप्पांनी मोबाइल माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, "मारलं नाही, हे कुठं लिहायचं?"

२०२३ ची भाऊबीज नुकतीच झाली होती. मी गावी राहिले होते आणि सकाळी चुलत्यांबरोबर, म्हणजे आप्पांबरोबर, त्यांच्या द्राक्षबागेत गेले होते. निफाड तालुका, कादवा नदी फार लांब नाही. मांडवाखाली अजून दव टपकत होतं. मोबाइलवर आम्ही ऑफिसात चार महिने खपून आखलेला प्रश्न उघडा होता: 'आज कोणती फवारणी केली?' खाली औषधांची यादी, प्रमाण, किती लिटर पाणी, आणि शेवटी हिरवं बटण. अक्षरं मोठी होती, रंग उन्हात दिसतील असे होते, शब्द आमच्याच गावातले होते. आप्पांना ते वापरताही येत होतं. पण त्या दिवशी त्यांनी पहाटे उठून बाग फिरून, पानं उलटून, आभाळ बघून ठरवलं होतं की आज औषध मारायचं नाही. त्या ठरवण्याला आमच्या ॲपमध्ये जागाच नव्हती.

"आज काही भरू नका," मी म्हणाले.

"मग माझे दिवस तुटतील ना?"

दिवस म्हणजे सलग नोंदीचे दिवस. सात झाले की एका मण्याचं चित्र, एकवीस झाले की अख्खा घड, आणि गावातल्या सगळ्यांची गुणांप्रमाणे यादी. एरवी फवारणी नसली तर ठिबकचं पाणी, खत, असं काहीतरी भरायला असायचं. त्या दिवशी तेही नव्हतं. आप्पा अडून बसले नव्हते, पण त्यांचा चेहरा उतरला होता. मी मोबाइल घेतला, आदल्या दिवशीच्या फवारणीतलं एक नाव पुन्हा निवडलं आणि हिरवं बटण दाबलं. दिवस तुटला नाही. जी नोंद खरी असावी म्हणून मी पगार घेत होते, तिच्यात पहिली खोटी ओळ मीच घातली.

आप्पांची स्वतःची डायरी वेगळी आहे. औषधांच्या दुकानातून भेट मिळते तसली, जाड पुठ्ठ्याची. छापील तारखेकडे ते बघतही नाहीत. पानाच्या डोक्यावर पेनानं एक आकडा काढतात आणि त्याला गोल करतात. तो आकडा म्हणजे छाटणीपासूनचा दिवस. द्राक्षवाल्याचं वर्ष जानेवारीत सुरू होतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यावर काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात. दोन बागायतदार भेटले की "कितवा दिवस?" असं विचारतात. "बेचाळिसावा" एवढं उत्तर आलं की समोरच्याला कळतं, बाग फुलोऱ्यात आहे, कुठल्या रोगाचं भय आहे, मजूर कधी लागणार आहेत. आमच्या ॲपनं मात्र त्यांच्यासमोर कॅलेंडर उघडून ठेवलं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी पहिल्यांदा ती डायरी नीट वाचली.

'३६. दव लई. दहापर्यंत पानं ओली. तिसऱ्या ओळीत एक डाग. मारलं.'

'३८. मारलं.'

'३९. ढग, पण वारा. पानं आठला सुकली. मारलं नाही.'

दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं तर चाळिसाव्या दिवसाची ओळ त्यांनी वाचून दाखवली: 'मारलं नाही. रात्री झोप नाही.'

द्राक्षात डाऊनी हा रोग येतो तो पानांवर राहिलेल्या ओलीतून. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी. एकदा तो फुलोऱ्यातल्या घडावर गेला की हंगाम हातचा जातो. म्हणून या दिवसांत माणूस भीतीपोटी मारतच सुटतो. मारून रोग आला तर नशिबाला बोल लावता येतो. न मारता आला तर स्वतःलाच. आणि तरीही मारायचं नाही असं ठरवणं, पानं किती वाजता सुकली एवढ्यावर विसंबून, हे बागेतलं सगळ्यात अवघड काम आहे. त्यात खर्च वाचतो, पण तेवढंच नाही. नाशिकची द्राक्षं युरोपात जातात, तिथं ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याचा अंश किलोला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम. शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदयंत्रणेमुळे परदेशात पोचलेल्या मालावरून तो कुठल्या प्लॉटचा आहे तिथपर्यंत मागे येता येतं. अशा व्यवहारात न मारलेली प्रत्येक फवारणी मोलाची असते. आमचं ॲप तिला रिकामा दिवस समजत होतं.

मी नाशिकला गंगापूर रोडवर एका छोट्या ऑफिसात ॲपची रचना करते. त्या महिन्यात आमचे आकडे फार छान दिसत होते. रोज किती जण उघडतात, सलग किती दिवस उघडतात, सगळं चढतं. पिंपळगाव बसवंतकडच्या एका तरुण बागायतदाराला मी भेटायला गेले, त्याचे सलग दिवस यादीत वरचे होते म्हणून. त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं, "ताई, एकोणीस झाले होते. तुटू कसं देऊ? कालचंच परत टाकलं." मी त्याला काय बोलणार होते? मी स्वतः तेच केलं होतं. परतताना गाडीत एकच विचार छळत होता: कुणी आकडा राखण्यासाठी खरोखरच औषध मारलं असेल का?

हे असं का होतं, यावर माणसाच्या मनाचा अभ्यास करणाऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच बरंच सांगून ठेवलं आहे. मी ते शिकताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी स्टॅनफर्डच्या आवारातल्या बालवाडीत एक प्रयोग केला. ज्या मुलांना आपणहून चित्रं काढायला आवडायची अशीच मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता, नंतर दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती रंगतं ते पाहिलं. बक्षीस कबूल करून रंगवायला बसवलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र तशीच होती. त्याच्या दोन वर्षं आधी, १९७१ मध्ये, एडवर्ड डेसीनं विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली होती. सोडवल्याबद्दल पैसे मिळालेले विद्यार्थी पैसे थांबल्यावर कोड्यांना कमी हात लावत होते.

याच डेसीनं पुढे रिचर्ड रायनबरोबर मांडलं की माणसाची आतली ओढ तीन गोष्टींवर जगते. करतोय ते माझ्या मर्जीनं करतोय असं वाटणं, ते मला जमतंय अशी खात्री असणं, आणि ते करताना माणसं आपली असणं. मी आप्पांच्या डायरीकडे या नजरेनं पाहिलं तेव्हा मला गलबलून आलं. ती लिहा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या वर्षीचा छत्तिसावा दिवस आणि या वर्षीचा छत्तिसावा दिवस शेजारी ठेवून ते स्वतःचं शिक्षण स्वतः करत होते. आणि संध्याकाळी शेजारचा बागायतदार आला की डायरी मध्ये ठेवून दोघं तासभर बोलायचे. तिन्ही गोष्टी तिथं आधीपासून होत्या. आम्ही मध्ये गुण आणले, आणि त्या दोघांना यादीत वरखाली लावलं.

इथं एक मात्र सांगायला हवं. या प्रयोगांचा आधार घेऊन काही जण म्हणतात की माणसाला पैशापेक्षा कौतुक महत्त्वाचं. ज्याचं पोट त्या कामावर आहे त्याच्याबाबतीत हे बोलणं मला अन्यायाचं वाटतं. विरळणीला, म्हणजे दाट घडातले जादा मणी कात्रीनं काढायला, येणाऱ्या बाईला तिची मजुरी वेळेवर आणि पूर्ण मिळाली पाहिजे. तिच्या मोबाइलवर शाबासकीचं चित्र पाठवून काहीही भागत नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार. नाशिक जिल्ह्यात त्या दिवशी अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या. आप्पांची छाटणी ८ ऑक्टोबरची, म्हणजे तो एकोणपन्नासावा दिवस होता. मणी नुकते धरलेले. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा मांडवाखाली हिरव्या पानांचा चिखल होता. जे घड लटकत होते त्यांच्या मण्यांवर एका बाजूनं मार बसला होता, आणि असा घड नंतर कुजतो हे सगळ्यांना माहीत होतं. दोन प्लॉटपैकी ओढ्याकडचा गेला होता, घराकडचा निम्मा वाचला होता. आप्पा बोलत नव्हते. डायरीत लिहिलं होतं: '४९. गारा. वीस मिनिटं.' त्याखाली काही नाही. त्या रात्री मी तिथंच राहिले.

मंगळवारी सकाळी चहाच्या वेळी आप्पांचा मोबाइल वाजला. ते बाहेर होते, म्हणून काकूंनी उचलला आणि मोठ्यानं वाचला. "अरेरे! तुमची २१ दिवसांची साखळी तुटली. चला, पुन्हा नव्यानं सुरुवात करू या!"

काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे कोण लिहितं गं?"

"मी," मी म्हणाले.

'अरेरे' हा शब्द मी सुचवला होता. जवळच्या माणसासारखा वाटावा म्हणून.

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी मोबाइल पालथा ठेवला आणि चहा गाळला. मला आजही ती कपबशी आठवते, तिच्यातून वर येणारी वाफ आठवते. त्या घरात त्या सकाळी कुणीही आलं असतं तरी आधी दाराशी उभं राहून गप्प बसलं असतं. परकं माणूससुद्धा. आमची यंत्रणा तेवढंही शिकलेली नव्हती, कारण तिला ते आम्ही शिकवलं नव्हतं.

गारांनंतर चारच दिवसांत, ३० नोव्हेंबरला, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची 'डार्क पॅटर्न'विषयीची मार्गदर्शक तत्त्वं आली. माणसाला फसवून, घाई करवून, लाज वाटायला लावून किंवा सारखं टोचत राहून हवं ते करून घेणाऱ्या १३ प्रकारांची त्यात नावं आहेत. हा शब्दप्रयोग हॅरी ब्रिग्नल या डिझायनरनं २०१० साली रूढ केला, आणि आपल्याकडे तो नियमांत आला याचा मला मनापासून आनंद आहे. ऑफिसात आम्ही सगळ्यांनी ती यादी वाचली. आमचा संदेश त्यात धडपणे कुठंच बसत नव्हता. आम्ही काही विकत नव्हतो, पैसे कापत नव्हतो. नियम पाळूनही काकूंच्या प्रश्नाला तोंड देता येत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात माझ्या आईचे वडील गेले. माझं आजोळ साताऱ्याकडचं. मामा अस्थी घेऊन नाशिकला आले आणि आम्ही रामकुंडावर गेलो. विधी झाल्यावर तिथल्या तीर्थोपाध्यायांनी मामाला मूळ गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. एवढ्यावरून त्यांनी नामावळीच्या वह्यांतली एक वही काढली, लांबट, कापडात बांधलेली, आणि थोडं चाळून एका पानावर बोट ठेवलं. माझ्या पणजोबांची सही. मोडीत. ते कधी नाशिकला आले होते हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मामा त्या सहीवर हात ठेवून बराच वेळ तसाच बसला. मग गुरुजींनी नवी नोंद केली, कोण आलं, कशासाठी आलं, घरात कोण कोण आहे, आणि मामाला खाली सही करायला सांगितली.

गोदाघाटावर लहानपणापासून मी शेकडो वेळा गेले असेन, पण कामाच्या नजरेनं ती वही त्या दिवशी पाहिली. तिथं तुमचा क्रमांक कुणी विचारत नाही, पासवर्ड विचारत नाही. माणूस स्वतःला ज्यानं ओळखतो तेच विचारतात, गाव आणि आडनाव. नोंदीखाली तुमचंच अक्षर असतं. आणि मधली साठ-सत्तर वर्षं त्या वहीनं आमच्या घराला एकदाही हाक मारली नव्हती. आम्ही आलो तेव्हा ती होती.

ती वही निर्दोष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ती बापाकडून मुलाकडे जाते. माझ्या आईचं नाव तिच्या माहेरच्या पानावर एकदा येतं आणि पुढे ती दुसऱ्या कुणाच्या तरी वहीत जाते. ती ज्यांनी आखली त्यांच्या मनात घर म्हणजे काय होतं, ते त्या रकान्यांत दिसतं. कागदाची असो, मोबाइलची असो, नोंदवही आखणाऱ्याचं मन त्या रेघांत उतरतंच. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या बात्या फ्रिडमन यांनी १९९० च्या दशकापासून यावरच काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं की यंत्रणा आखताना ती वापरणाऱ्यांइतकाच, ती न वापरता जिच्या परिणामाखाली येतात अशांचाही विचार करायला हवा. हे मी वाचलं होतं. ते कळलं मात्र काकूंकडून.

डिसेंबरात घराकडच्या वाचलेल्या बागेत विरळणी सुरू झाली. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया यायच्या, हातात कात्र्या घेऊन मान वर करून दिवसभर उभ्या. एका संध्याकाळी आप्पांनी ब्लोअरनं पुढच्या ओळी मारल्या आणि मोबाइलवर नोंद केली, औषध, प्रमाण, वेळ, सगळं बिनचूक. सकाळी मुकादमानं नेमक्या त्याच ओळींत बाया लावल्या. दहाच्या सुमाराला एकीचे डोळे चुरचुरायला लागले, दुसरीच्या मनगटावर लाल चट्टे आले. काकूंनी त्यांना हौदावर नेऊन हातपाय धुवायला लावले आणि संध्याकाळी मला फोन केला.

"तुझ्या मोबाइलला माहीत होतं ना, काल मारलंय म्हणून?"

"हो."

"मग त्यानं या बायांना का नाही सांगितलं?"

फवारणीनंतर बागेत किती वेळ जाऊ नये हे औषधाप्रमाणे ठरतं. आमच्याकडे फवारणीची वेळ मिनिटासकट होती. दोन्ही गोष्टी जुळवणं दोन दिवसांचं काम होतं. ते सुचलं नाही, कारण आमच्या भिंतीवर जी चित्रं लावली होती, शेतकरी, व्यापारी, निर्यातदार, त्यांत घडाला हात लावणारी बाई नव्हती. मी मुकादमाला संदेश पाठवण्याचं सुचवलं. काकू म्हणाल्या, त्याचा मोबाइल निम्म्या वेळा बंद असतो. त्यांनी स्वतःच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा फाडला आणि मारलेल्या ओळींच्या टोकाला बांबूवर बांधला. लाल दिसलं की आत जायचं नाही. हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

पुढचे काही महिने ऑफिसात वाद झाले, आणि ते सोपे नव्हते. गुण काढले तर रोज उघडणारे कमी होतील हे खरं होतं, आणि रोज उघडणाऱ्यांच्या आकड्यावरच आमच्यात पैसे गुंतले होते. "लोक उघडणारच नसतील तर पगार कुठून द्यायचे?" हा प्रश्न विचारणारा माणूस वाईट नव्हता. शेवटी असं ठरलं की पैसे हंगामागे बागायतदाराकडूनच घ्यायचे, काढणी झाल्यावर, औषधाच्या दुकानातलं खातं चालतं तसं. म्हणजे ज्याचं काम त्यालाच आम्ही बांधील. त्यानंतर बाकीचं बदलता आलं. गुण गेले, गावाची यादी गेली, साखळी गेली. कॅलेंडरच्या जागी छाटणीचा दिवस आला, गोल केलेल्या आकड्यात. यादीच्या सगळ्यात वर 'पाहिलं, मारलं नाही' असं बटण आलं, आणि त्याच्याखाली बोलून ठेवायची सोय, कारण का मारलं नाही हे यादीतून निवडता येत नाही, ते सांगावं लागतं. फवारणीची नोंद केली की ॲप एकच विचारतं: 'फडकं बांधलं का?' काढणी झाली की ते गप्प होतं. वेलाला विश्रांती असते त्या दिवसांत त्याच्याकडून एक शब्द येत नाही, एप्रिलच्या छाटणीपर्यंत.

रोज उघडणारे खरंच कमी झाले. पिंपळगावच्या त्या तरुणाच्या पुढच्या हंगामाच्या नोंदींत मारलं नाही असे बरेच दिवस आहेत, आणि त्याच्या आवाजातली कारणं ऐकताना त्याला बाग कळू लागल्याचं मला ऐकू येतं. तो आता कुणाशी शर्यत लावत नाही, पण अडला की आप्पांना फोन करतो. आप्पांनी पुठ्ठ्याची डायरी सोडलेली नाही. त्यांनी ती सोडावी असं मला आता वाटतही नाही.

मागच्या डिसेंबरात मी पुन्हा बागेत होते. साडेसातला पिकअप येऊन थांबली, बाया उतरल्या, कुणी पदर खोचत, कुणी कात्रीची धार बोटानं बघत. मुकादम मोबाइलवर कुणाशी तरी बोलत होता. सगळ्यांत पुढे असलेल्या बाईनं मांडवाच्या टोकाकडे पाहिलं. घराकडच्या ओळींवर लाल फडकं होतं, दवानं भिजून बांबूला चिकटलेलं. ती काही न बोलता वळली आणि ओढ्याकडच्या बागेच्या वाटेला लागली. मागून बाकीच्या.